शेणाला भाव आला, पण पैसे कुणाच्या खात्यात?

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, असं आपल्याकडे म्हणतात. सध्याच्या बातम्या वाचल्या, तर ते पांग अगदी थाटामाटात फिटताहेत असं वाटावं. ऑक्टोबर २०२५ मध्ये कोपरगावच्या सहकारमहर्षी शंकरराव कोल्हे सहकारी साखर कारखान्याने बायोगॅसचा मोठा प्रकल्प सुरू केला. उद्घाटनाला केंद्रीय गृहमंत्री आणि सहकारमंत्री अमित शहा आले होते. गोबरगॅसचं उद्घाटन म्हटलं की एकेकाळी फार तर बीडीओसाहेब यायचे, नारळ फोडायचे आणि चहा पिऊन जायचे. आता तसं राहिलेलं नाही. कुजणाऱ्या मालातून निघालेला गॅस शुद्ध करायचा, दाबून भरायचा आणि मोटारींना पुरवायचा, असा हा नवा उद्योग आहे. त्याचं नाव सीबीजी, म्हणजे दाबून भरलेला बायोगॅस. सीएनजीवर चालणारी रिक्षा यावरही तशीच धावते.

आणि हे नुसतं हौसेचं काम नाही बरं का. सीएनजी आणि घरगुती पाइप गॅस विकणाऱ्या कंपन्यांना आपल्या गॅसमध्ये बायोगॅस मिसळणं केंद्र सरकारने बंधनकारक केलं. २०२५-२६ साठी एक टक्का, पुढच्या वर्षी तीन, मग चार आणि २०२८-२९ पासून पाच टक्के, अशा त्या पायऱ्या आहेत. म्हणजे पुण्या-मुंबईच्या रिक्षा आणि फ्लॅटमधल्या शेगड्या यांच्यासाठी माल लागणार, आणि तो गावाकडच्या गोठ्यातून, शिवारातून, कारखान्याच्या प्रेसमडमधून जाणार. आता हेही खरं की घोषणा आणि गोठा यांच्यात बरंच अंतर असतं. २०१८ च्या ऑक्टोबरात ‘सतत’ नावाची योजना निघाली, तेव्हा २०२३-२४ पर्यंत असे पाच हजार प्रकल्प उभे करू असं सांगितलं होतं. मुदत उलटली तेव्हा शंभराच्या आसपासच उभे होते. पण एकदा सक्ती आली, पैसा आला, की अंतर कापलं जातं. आज ना उद्या तुमच्याही तालुक्यात शेण, पेंढा, पाचट विकत घ्यायला गाडी येईल.

त्या गाडीवाल्याशी भाव कोण ठरवणार? आणि पैसे कुणाच्या हातात पडणार? अर्थविषयक पानांवर सीबीजीच्या बातम्या येतात, त्यात टन असतात, कोटी असतात, पण हा प्रश्न कुठे दिसत नाही. म्हणून तो या पानावर.

बिनमोलाचं असेपर्यंत बाईचं

घरातल्या कुठल्या वस्तूवर बाईचा हक्क आहे, याची यादी करायला बसलं तर हाताची बोटंही पुरून उरतात. जमीन तिची नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या शेतकरी खातेदारांमध्ये बायका चौदा टक्क्यांच्या आसपासच होत्या. बैल तिचे नाहीत, विहीर तिची नाही. पण शेण? त्यावर हक्क कुणाचा, हे कुणी कधी विचारलंच नाही, कारण ते कुणाला नकोच होतं. पहाटे उठून गोठा झाडायचा, शेणाच्या पाट्या भरून डोक्यावरून उकिरड्यावर न्यायच्या, गोवऱ्या थापायच्या, अंगण सारवायचं, ही सगळी बाईची कामं. ज्यांच्या दावणीला जनावर नाही, त्या मजूर बायका चरायला निघालेल्या गुरांमागे पाटी घेऊन जायच्या आणि वाटेवर पडलेलं शेण गोळा करायच्या. आठवडी बाजारात गोवऱ्या विकून जे चार पैसे यायचे, ते तिच्या कनवटीला. त्याचा हिशेब नवरा मागत नसे. शेणाचे कसले पैसे मागायचे?

आता दुधाचं काय झालं ते आठवून बघा. दूध घरीच घुसळलं जायचं तेव्हा ताक शेजारीपाजारी जायचं, आणि लोणी-तूप विकून आलेला पैसा बाईचा असायचा. मग गावात डेअरी आली. डेअरीने घरात पैसा आणला, यात शंका नाही. पोरांची शिक्षणं झाली, पक्की घरं झाली. पण सभासद कोण? घरधनी. पासबुक कुणाच्या नावावर? घरधन्याच्या. वैरण कापायला ती, धार काढायला ती, गाय आजारी पडली तर रात्रभर उशाशी बसायला ती, आणि दहा दिवसांचं बिल उचलायला तो. पुढे महिला दूध संस्था निघाल्या, बायका सभासद झाल्या, पण त्यासाठी किती वर्षं घालवावी लागली! वस्तू घरात होती तोवर तिची होती. तिला बाजारभाव मिळाला आणि तिचा मालक बदलला.

शेणाच्या बाबतीत आपण आज नेमक्या त्याच उंबरठ्यावर उभ्या आहोत.

टाकीत होतं तरी काय?

भाव करायचा तर माल ओळखीचा हवा, म्हणून थोडं शास्त्र. घाबरू नका, दही लावता येणाऱ्या बाईला हे सगळं समजतं.

शेण उघड्यावर पडलं तर हवेतल्या जिवाणूंनी ते कुजतं आणि त्याचं खत होतं. तेच शेण पाण्यात कालवून हवा न लागणाऱ्या टाकीत कोंडलं, तर वेगळ्या जातीचे जिवाणू कामाला लागतात. त्यांना हवा मानवतच नाही. एक टोळी शेणातल्या मोठ्या पदार्थांचे तुकडे करून त्यांचं आम्ल करते आणि दुसरी टोळी त्या आम्लाचा मिथेन वायू करते. हाच जळणारा गॅस. टाकीतून येणाऱ्या गॅसमध्ये निम्म्याहून जास्त, साधारण पंचावन्न ते पासष्ट टक्के मिथेन असतो. बाकीचा मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, आणि सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड थोडासा. नवीन टाकी सुरू करताना शेजारच्या चालू टाकीतली चार बादल्या स्लरी आणून घातली, तर काम लवकर सुरू होतं. ते विरजणच की!

आणि दह्यासारखीच टाकीही बिघडते. एकदम फार खरकटं घातलं तर पहिली टोळी भराभर आम्ल करते, दुसरीला ते उपसत नाही, टाकी आंबते आणि शेगडी पेटेनाशी होते. फिनेल, साबणाचं पाणी, जनावराला भारी औषधं चालू असतानाचं शेण, हे टाकीला चालत नाही. थंडीत जिवाणू सुस्तावतात, म्हणून पौष-माघात गॅस कमी पडतो. टाकी बिघडली असं समजून ती बंद करायचं कारण नसतं.

शेण हे तसं पाहिलं तर गॅससाठी गरीब खाद्य आहे, कारण चाऱ्यातलं सत्त्व गाईने आधीच काढून घेतलेलं असतं. किलोभर ताज्या शेणातून साधारण चाळीस लिटर गॅस निघतो. शिळी भाकरी, पिठाची राळ, नासकी फळं यांत ताकद कितीतरी जास्त. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या नेतृत्वाखाली, नेमकं हेच हेरून स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर चालणारी लहान टाकी तयार केली. २००६ मध्ये त्यासाठी संस्थेला इंग्लंडचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. तालुक्याच्या गावी घर आहे, अंगण आहे, पण जनावर नाही, अशा घरांसाठी ही गोष्ट फार कामाची होती. ती म्हणावी तशी पसरली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

पिकांच्या काडीकचऱ्याची तऱ्हा वेगळी. भाताचा पेंढा, उसाचं पाचट यांत कर्ब खूप आणि नत्र कमी, त्यामुळे जिवाणूंची उपासमार होते. शिवाय काडी पाण्यावर तरंगते आणि वर जाड साय धरते. म्हणून तो बारीक कापून, भिजवून, शेणाच्या जोडीनेच घालावा लागतो. घरच्या टाकीत अख्खा पेंढा कोंबला तर ती तुंबणार, हे ठरलेलं. मोठ्या कारखान्यांकडे कापायची, ढवळायची यंत्रं असतात. पंजाबात संगरूर जिल्ह्यात लेहरागागा इथे २०२२ मध्ये असा मोठा प्रकल्प सुरू झाला. रोज तीनशे टन भाताचा पेंढा खायची त्याची क्षमता सांगितली गेली. तिकडे हा पेंढा शेतातच जाळतात आणि धूर थेट दिल्लीपर्यंत जातो, तेव्हा त्याचा गॅस होत असेल तर उत्तमच.

पण आपल्याकडे सगळंच तसं नाही. कारखानदारीच्या भाषेत ज्याला ‘वाया जाणारा अवशेष’ म्हणतात, तो बाईच्या भाषेत कडबा असतो, कुटार असतं, सरपण असतं. विदर्भ-मराठवाड्यात वर्षाचा निम्मा स्वयंपाक पऱ्हाट्या आणि तुराट्यांवर करणारी घरं अजून आहेत. (या लाकडासारख्या काड्या टाकीत नीट कुजत नाहीत, त्यांच्या कांड्या करून बॉयलरला विकतात.) शेतमालकाने उद्या हा सगळा माल गाडीत भरून दिला, तर त्याला पैसे मिळतील. पण काढणीनंतर त्याच्या रानातून फुकट मोळी आणणाऱ्या मजूर बाईचं काय? तिची चूल कशावर पेटेल? या बाईचं नाव कुठल्याही करारात येत नाही.

गोबरगॅस का बंद पडले?

आता कुणी म्हणेल, घरोघरी गोबरगॅस करून झाले, चालले नाहीत, म्हणून मोठे प्रकल्प आले. हे अर्धंच खरं आहे.

या देशात ही कल्पना काही नवी नाही. १८९७ मध्ये मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यातून निघणारा गॅस साठवून वापरला जात होता. पुढे खादी ग्रामोद्योग आयोगाने लोखंडी तरंगत्या टोपीच्या टाक्या गावोगाव नेल्या. १९८१-८२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १९८४ मध्ये ‘दीनबंधू’ नावाचं विटांच्या घुमटाचं स्वस्त मॉडेल आलं. सगळं मिळून देशात पन्नास लाखांच्या आसपास घरगुती टाक्या बांधल्या गेल्या. त्यातल्या आज चालू किती, हे कळायला अहवाल नको, गावातून एक चक्कर मारली तरी पुरे. लोखंडी टोपी गंजलेली, खड्ड्यात तण माजलेलं, शेजारी सिलिंडर.

कारणं काय? टोपी गंजली, घुमटाला तडा गेला, तर दुरुस्तीला गवंडी मिळाला नाही. ट्रॅक्टर आले, बैल गेले, शेण कमी पडलं. दुष्काळात जनावरं विकली. हे सगळं खरं. पण आणखी एक कारण आहे आणि ते बाईलाच विचारावं लागतं. दोन घनमीटरची टाकी चालवायची तर रोज सुमारे पन्नास किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं. पन्नास लिटर पाणी म्हणजे तीन-चार हंडे! जिथे प्यायचा हंडा मैलभरावरून येतो, तिथे रोज चार हंडे गोबरगॅसला कुठून आणायचे? शेण कालवायचं, काडी-दगड काढायचे, स्लरीचा खड्डा मोकळा करायचा. चुलीचा धूर गेला, डोळ्यांची आग गेली, भांडी घासायचा त्रास कमी झाला, हे सुख मोठंच. पण ‘टाकी बांधायची का आणि कुठे’ हे ठरवलं पुरुषांनी, अनुदान आलं त्यांच्या नावावर, साहेबांनी तीन दिवसांचं प्रशिक्षण दिलं तेही त्यांनाच. टाकी चालवणारी मात्र दुसरीच. ज्या माणसाला व्हॉल्व्ह दाखवला, त्याने तो आयुष्यात कधी फिरवला नाही, आणि जिने रोज फिरवला तिला त्याची गळती कशी ओळखायची हे कुणी सांगितलं नाही. (साबणाचा फेस लावून बघायचं. बुडबुडे आले की गळती. एवढंच होतं ते.)

जिथे संस्था पाठीशी राहिली, दुरुस्तीला माणूस आला आणि बायकांशी बोलणं झालं, तिथे टाक्या चालल्या. सिंधुदुर्गात झारापच्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानने अशा हजारो टाक्या घरोघरी उभ्या केल्या. तिथे पाऊसपाणी आहे, घराला परसू आहे, हे मान्य. पण पाऊसपाणी नुसतं असून टाकी चालत नाही.

मध्यंतरी उज्ज्वला योजना आली. २०१६ पासून दहा कोटींहून जास्त घरांत बाईच्या नावावर गॅसचं कनेक्शन गेलं. बाईच्या नावावर, हे महत्त्वाचं! पण सिलिंडर भरायचा पैसा काही तिच्या नावावर नव्हता. त्यामुळे उज्ज्वलाच्या घरात वर्षाला सरासरी चार-साडेचार सिलिंडरच भरले जातात आणि बाकीचे दिवस चूल. आपण वापरतो त्यातला साठ टक्क्यांच्या आसपास स्वयंपाकाचा गॅस परदेशातून येतो, तेव्हा भावही आपल्या हातात नाही.

आता थोडं गणित करू. दावणीला चार-पाच जनावरं असलेलं घर घ्या. रोजचं शेण पन्नास किलो. दोन घनमीटरची टाकी पूर्ण ताकदीने चालली, तर महिन्याला पावणेदोन सिलिंडरांएवढा गॅस मिळतो. एप्रिल २०२५ च्या दरवाढीनंतर मुंबईत सिलिंडर साडेआठशेच्या वर गेला. त्या दराने हा गॅस झाला जवळपास दीड हजाराचा. तेच शेण किलोला एक रुपया दराने विकलं, तर महिन्याला येतात बरोबर दीड हजार. सारखंच की, असं वाटेल. पण टाकीतला गॅस थेट बाईच्या शेगडीत जातो, त्यावर दुसरं कुणी खर्च करू शकत नाही. गॅसची दारू पिता येत नाही! शिवाय टाकीतून गॅस निघाला तरी खत शिल्लक राहतं. शेणातला नत्र, स्फुरद, पालाश टाकीत नाहीसा होत नाही, तो स्लरीत उतरतो. शेण गाडीत गेलं की हे खतही गेलं, आणि मग युरियाची गोणी विकत. गरज सगळ्या वर्षभर सारखी नसते, हिवाळ्यात गॅस अर्ध्यावर येतो, हे सगळं धरूनही घरच्या टाकीचं पारडं मला जड वाटतं. फक्त पाणी हवं आणि जनावरं हवीत. ती नसतील तर शेण विकणंच शहाणपणाचं, आणि मग भावाचा प्रश्न आला.

शेण विकलं, पुढे काय?

शेण विकत घेण्याचे तीन प्रयोग आपल्यासमोर आहेत आणि तिन्ही वेगळं काही सांगतात.

पहिला छत्तीसगडचा. जुलै २०२० मध्ये तिथल्या राज्य सरकारने गोधन न्याय योजना सुरू केली आणि दोन रुपये किलोने शेण घ्यायला सुरुवात केली. जनावर नसलेल्या माणसानेही गोळा करून आणलेलं शेण विकता येई. गोठाणांवर बचत गटाच्या बायका त्याचं गांडूळखत करत. शेण वेचणाऱ्या बाईला पहिल्यांदा सरकारी भाव मिळाला, हे साधं नव्हतं. डिसेंबर २०२३ मध्ये सरकार बदललं आणि योजना बारगळली. सरकारच्या भरवशावरचा भाव सरकारबरोबर जातो.

दुसरा गुजरातेत बनासकांठ्याचा. बनास डेअरीने डीसा तालुक्यात शेणावर गॅस प्रकल्प उभारला. आसपासच्या गावांतून शेण येतं, किलोला एक रुपया मिळतो, गॅस पंपावर विकला जातो. डेअरीचं जाळं आधीच होतं, त्यामुळे दुधाच्या वाटेने शेणही गेलं. ही वाट पक्की आहे, पण दुधाच्या वाटेवर पासबुक कुणाचं असतं, ते वर सांगितलंच.

तिसरा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. आणंद जिल्ह्यात मुजकुवा आणि झकरियापुरा ही दोन गावं आहेत. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या पुढाकाराने तिथे दूध उत्पादक बायकांच्या घरामागे लहान टाक्या बसवल्या. शेण कुठे गेलं नाही, घरच्याच टाकीत गेलं. गॅस तिच्या शेगडीत आला. स्लरी आधी तिच्या शेतात गेली आणि उरलेली बायकांच्याच खत सहकारी मंडळीने विकत घेतली. प्रतीप्रमाणे लिटरला साधारण पाऊण रुपयापासून दोन रुपयांपर्यंत. सभासद बायका, पैसे बायकांना. इथे क्रम बघा. आधी चूल, मग शेत, मग बाजार. मोठ्या प्रकल्पात हाच क्रम उलटा होतो: आधी बाजार, आणि चुलीचं-शेताचं उरलं तर बघू.

गंमत म्हणजे खताला किंमत आहे, हे सरकारलाही माहीत आहे. २०२३ मध्ये केंद्राने अशा प्रकल्पांतल्या सेंद्रिय खताच्या विक्रीसाठी टनाला दीड हजार रुपये मदत जाहीर केली. म्हणजे किलोला दीड रुपया, नुसतं सहाय्य. शेण देणारीला किलोला एक. किलोभर ओल्या शेणाचं किलोभर खत होत नाही, वाहतूक असते, यंत्रं असतात, हे कबूल. तरीही भाव करायला बसणाऱ्या बाईला हा आकडा ठाऊक असलेला बरा.

आणि कारखाना गावाच्या उशाशी आला की त्याचा त्रासही आधी घरात बसणाऱ्यांना होतो. २०२४ मध्ये पंजाबात लुधियाना जिल्ह्यातल्या काही गावांनी असे प्रकल्प नकोत म्हणून धरणं धरलं. दुर्गंधी, पाणी दूषित होण्याची भीती, ही त्यांची कारणं होती. ती सगळी बरोबर होती असं नाही, पण प्रकल्पाची जागा ठरली तेव्हा गावाला कुणी नीट विचारलं नव्हतं, ही तक्रार खोटी म्हणता येत नाही.

जुन्या टाक्यांबद्दल एक गोष्ट मात्र आजच करायला हवी. एप्रिल २०२४ मध्ये नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात शेणाच्या स्लरीने भरलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. त्याला काढायला एक उतरला, त्याच्यामागे दुसरा, आणि एकामागून एक पाच जण गेले. अशा खड्ड्यात विषारी वायू साठतो, प्राणवायू नसतो. माणूस दोन श्वासांत बेशुद्ध होतो, ओरडायलाही वेळ मिळत नाही. नाकाला फडकं बांधून काही उपयोग नाही. तुमच्या परसात, भावकीच्या रानात अशी बंद टाकी किंवा स्लरीचा खड्डा असेल तर आधी तो झाकून घ्या, कुंपण करा, पोरांना बजावून ठेवा. कुणी पडलंच तर मागोमाग उतरू नका, बाहेरून दोर टाका आणि अग्निशमन दलाला बोलवा. मुरारीचं मांजर असो की घरचं माणूस, हा नियम मोडायचा नाही.

राहता राहिला गाडीचा प्रश्न. ती गावात येईल तेव्हा काय विचारायचं? शेणाचं वजन कुठे होणार आणि पावती कुणाच्या नावावर फाटणार, हे पहिलं. करार सातबारावरच्या नावाने करू नका, गोठा सांभाळणारीच्या नावाने करा, तिच्या स्वतःच्या बँक खात्यात पैसे जमा करा, हे दुसरं. संयुक्त खातंसुद्धा नको, कारण संयुक्त खात्याचं एटीएम कार्ड कुणाच्या खिशात असतं, ते आपल्याला माहीत आहे. दिलेल्या शेणाच्या बदल्यात खत परत मिळणार का, किती आणि काय भावाने, हे तिसरं. बचत गटाने किंवा महिला दूध संस्थेने एकत्र भाव केला तर एकेकटीपेक्षा चांगला मिळतो, हे तर अंडी आणि पापड विकतानाही आपण पाहिलंय. मजूर बायकांनी वेचून आणलेलं शेण घेणार की नाही, हे त्याच बैठकीत स्पष्ट करून घ्यावं. नाहीतर त्यांच्या पाटीतलं शेण उद्या चोरीचं ठरेल.

घरची टाकी बांधायची असेल, तर केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे एक घनमीटरच्या टाकीला ९,८०० रुपये आणि दोन ते चार घनमीटरला १४,३५० रुपये अनुदान होतं. अनुसूचित जाती-जमातींसाठी ते जास्त होतं. संडास जोडला तर त्यावर आणखी १,६०० रुपये. तो टप्पा २०२५-२६ पर्यंतचा होता, तेव्हा चालू दर पंचायत समितीच्या कृषी विभागात विचारून घ्यावा, आणि विचारायला स्वतः जावं. अर्जावर आपलं नाव घालायला सांगावं. दुरुस्तीची हमी किती वर्षांची आणि कोण येणार, हे लेखी घ्यावं. टाकी चालवण्याचं प्रशिक्षण असेल तर ‘मालकांना पाठवा’ असं सांगतील. आपणच जाऊन बसावं.

आपल्याकडे ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. बहुतेक ठिकाणी ती रजिस्टरात सह्या घेऊन उरकली जाते. गॅस प्रकल्पाला जागा देण्याचा किंवा गावचं शेण एखाद्या कंपनीला देण्याचा विषय गावात निघाला, तर तो आधी या सभेत आला पाहिजे, आणि तिथे जे ठरेल ते इतिवृत्तात आलं पाहिजे. सही करण्याआधी वरचा मजकूर वाचून घ्या. तो कोरा असेल तर भरेपर्यंत थांबा.